दोन बावन्न ते तीन सात

आधीच कबूल करतो. या ग्रुपवर मी चार वर्षं आहे आणि इथल्या बहुतेक अनुभवांखाली हसायचा इमोजी टाकून पुढे गेलेला माणूस आहे. कुणाच्या आत्याला विहिरीवर बाई दिसली, कुणाच्या मित्राला घाटात म्हाताऱ्याने लिफ्ट मागितली... मी म्हणायचो, च्यायला, यांना आठ दिवस आमच्या मेंटेनन्सला पाठवा, भुतं आपोआप उतरतील. पंधरा वर्षं मी कंपनीत मेंटेनन्सला आहे. आमच्या धंद्यात मशीन बंद पडलं की त्याला कारण असतंच. सेन्सर गेला असेल, वायर सुटली असेल, नाहीतर ऑपरेटरने माती खाल्ली असेल. कारण नसतं असं होत नाही, फक्त सापडलेलं नसतं. हे मी आजही म्हणतो, पण आता जरा हळू आवाजात म्हणतो.

मी कुरुळीला राहतो. कंपनी चाकणला, म्हाळुंगेच्या बाजूला. तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके आहे. बेडरूम आप्पांना दिलेली, आणि मी, बायको वैशाली आणि पोरगी स्वरा असे आम्ही तिघं हॉलमध्ये. आप्पा म्हणजे माझे वडील. लातूरकडचं गाव सोडून तरुणपणीच भोसरीला आले आणि तिथल्या एका वर्कशॉपमध्ये, पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशीनवर, त्यांनी अख्खं आयुष्य घासलं. दोन वर्षांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू पूर्ण गेली. हात नुसता लाकडासारखा, बोटं कायम उघडी. बोलणं जड झालं, पण कान देऊन ऐकलं की कळायचं.

वैशाली दिवसभर त्यांच्याजवळ असायची. फक्त अडीचला ती स्कूटीवर मोशीला जायची, स्वराला शाळेतून आणायला, आणि साडेतीनपर्यंत परत. तेवढा एक तास आप्पा एकटे. आणि तोच तास माझ्या जिवाला घोर. कारण एकदा याच वेळात आप्पांची मान उशीवरून घसरली आणि थुंकी श्वासात अडकली. वैशाली योगायोगाने लवकर आली म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले, अजून पाच मिनिटं गेली असती तर अवघड होतं.

त्यानंतर मी बेडरूममध्ये कॅमेरा बसवला. आता बाजारात मिळतात त्या कॅमेऱ्यांचं सगळं रेकॉर्डिंग कुठल्यातरी परक्या कंपनीच्या सर्व्हरवर जातं. आप्पांचं अंग पुसणं, कपडे बदलणं, हे सगळं लोकांच्या कॉम्प्युटरवर कशाला? म्हणून मी घरीच सर्व्हर केला. ऑफिसातून भंगारात निघालेला एक जुना डेस्कटॉप आणला, त्यात नवी हार्ड डिस्क टाकली, लिनक्स चढवलं आणि किचनच्या माळ्यावर यूपीएस लावून ठेवला. माळ्यावर जागा नव्हती, तर आप्पांची जुनी पत्र्याची ट्रंक खाली काढून त्यांच्याच पलंगाखाली सारली. ही ट्रंक लक्षात ठेवा.

फायबरची लाइन आप्पांच्या खोलीच्या खिडकीतून आत येते, त्यामुळे राउटर तिथेच, भिंतीवरच्या बोर्डाला लावलेला. बोर्ड पलंगापासून पाच-सहा फुटांवर. कॅमेरा राउटरवर, राउटरमधून एक केबल माळ्यावरच्या सर्व्हरला. अडीच वाजले की मी कंपनीत मोबाईल काढायचो आणि आप्पा दिसायचे. छातीवरची चादर वरखाली होताना दिसली की माझाही श्वास चालू.

सगळं झकास चाललं होतं. दिवाळी झाली आणि लाइन जायला लागली.

सुरुवातीला लक्ष दिलं नाही. नेट जातं, येतं. पण रोज त्याच तासात जायला लागलं तेव्हा डोकं फिरलं. स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरतंय आणि इथे मी अ‍ॅप सारखं बंद-चालू करतोय. दोनदा तर मी सुपरवायझरला थाप मारून बाइक काढली आणि तळेगाव चौकाच्या ट्रॅफिकमध्ये हॉर्न बडवत घरी गेलो. दोन्ही वेळा आप्पा ठीक, नेट चालू. वैशाली म्हणाली, "अहो, त्या डब्यापायी तुम्हीच एखाद्या ट्रकखाली जाल."

मग मी कंपनीत करतो तसं पद्धतशीर सुरू केलं. नेटवाल्यांचा लाइनमन बोलावला. त्याने मीटर लावून फायबर तपासली आणि म्हणाला, "सर, तुमची लाइन एक नंबर आहे. प्रॉब्लेम घरात आहे." मी म्हटलं हे तर सगळेच म्हणतात. अ‍ॅडॅप्टर बदलला. राउटर बदलला. केबल बदलली. सेटिंग सगळी पुसून नव्याने टाकली. लाइन जायची ती जायचीच.

शेवटी सर्व्हरचा लॉग काढला. सर्व्हर यूपीएसवर, त्यामुळे तो कधीच बंद पडत नव्हता आणि राउटर कधी गेला, कधी आला हे सेकंदासह लिहून ठेवत होता. सहा आठवड्यांचा लॉग एका खाली एक लावला आणि हातातला चहा तसाच राहिला. जायची वेळ दुपारी दोन बावन्न. यायची वेळ तीन वाजून सात. रोज. एखादं मिनिट इकडेतिकडे, बस्स. आणि नेट जात नव्हतं, अख्ख्या राउटरची पॉवरच जात होती.

अजून एक गोष्ट होती. गुरुवारी लाइन जात नव्हती. सहा आठवड्यांत एकाही गुरुवारी नाही. आता आमच्याकडे लाइट जाण्याचा वार कोणता, हे शेंबडं पोरही सांगेल. गुरुवार. आणि इथे बरोबर उलटं. भोसरीच्या वर्कशॉपना गुरुवारी सुट्टी असते. लहानपणी गुरुवार म्हणजे आमची चैन, कारण आप्पा घरी असायचे आणि दुपारी त्यांचे दोस्त रज्जाककाका नानकटाईचा पुडा घेऊन आमच्या खोलीवर यायचे. मला वाटलं, सापडलं! जवळपास कुणाचं तरी गुरुवारी बंद असणारं वर्कशॉप आहे, तो पावणेतीनला काहीतरी जड मशीन चालू करतो आणि आपल्याकडे व्होल्टेज पडतं. दोन दिवस मी बिल्डिंगच्या मागेपुढे फिरलो. एक पिठाची गिरणी आणि एक दुधाची डेअरी, बाकी काही नाही. आणि नुसत्या बेडरूमच्या एका सॉकेटचं व्होल्टेज कसं पडेल? फ्रिज तर चालू असायचा.

मग रविवार आला. आमच्या कंपनीला रविवारी सुट्टी. म्हटलं, आज समोर बसूनच बघतो. वैशाली आणि स्वरा तिच्या मावशीकडे गेल्या होत्या. बाहेर टळटळीत ऊन, खाली पोरं क्रिकेट खेळतायत, अशी वेळ. मी खुर्ची टाकून बोर्डासमोर बसलो. हातात टेस्टर. आप्पांना वाटलं मी त्यांच्याजवळ बसलोय, म्हणून मी हसून म्हटलं, "आप्पा, आज चोर पकडायचाय."

आप्पा हसले नाहीत. डोळे बोर्डावर लावून पडून राहिले.

दोन पन्नासला खोलीत वास आला. रॉकेल आणि लाकडाचा भुसा. भोसरीत वाढलेल्याला हा वास सांगावा लागत नाही. शिफ्ट सुटताना कामगार हात रॉकेलने धुऊन भुशाने चोळतात, निदान तेव्हा तरी चोळायचे. आप्पा कामावरून आले की त्यांच्या हाताला हाच वास. पण आमच्या घरात रॉकेल येऊन वीस वर्षं झाली असतील. मी खिडकी बघितली, बंद होती.

दोन बावन्न. माझ्या डोळ्यांदेखत बटण खाली गेलं. टक्. अगदी कुणी बोटाने दाबावं तसं, आधी जरा दबलं, मग पडलं. राउटरचे दिवे गेले.

मी इतका जोरात उठलो की खुर्ची मागे पडली. खरं सांगतो, अंगावर सर्रकन काटा आला आणि त्याच वेळी रागही आला. बटणाची स्प्रिंग गेली असणार, दुसरं काय! मी हात पुढे केला.

"हात लावू नगंस."

आप्पा. दोन वर्षांत इतकं स्पष्ट वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

"आप्पा, बटण लूज आहे."

"बस खाली. त्येचं काम व्हऊ दे."

"कुणाचं काम?"

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी पंधरा मिनिटं भिंतीला पाठ लावून उभा. घड्याळाची टिकटिक आणि खालून पोरांचा गलका. तीन सातला बटण आपोआप वर आलं. टक्. वास गेला. आणि मी, जो सगळ्या जगाला अक्कल शिकवतो, बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत बसलो.

इथे कुणीही शहाणा माणूस थांबला असता. पण आम्ही मेंटेनन्सवाले. त्याच संध्याकाळी मोशीहून नवीन बटण आणून बसवलं. सोमवारी दोन बावन्नला ते पडलं. मंगळवारी, बुधवारी तेच. आणि मग मी ते केलं जे चाकणच्या निम्म्या कंपन्यांत रोज होतं आणि जे कुणी कुणाला सांगत नाही. एखादा सेफ्टी स्विच सारखा मशीन बंद पाडत असेल आणि प्रॉडक्शनवाले डोक्यावर बसले असतील, तर आम्ही काय करतो? बायपास मारतो. स्विच बाजूला ठेवून वायर सरळ पुढे जोडतो. स्विच का पडतोय ते नंतर बघू. ते नंतर कधीच येत नाही.

गुरुवारी संध्याकाळी मी किचनच्या यूपीएसवरून एक्स्टेंशन ओढलं, आप्पांच्या खोलीत आणलं आणि राउटर त्याला जोडला. बोर्डावरचं बटण आता नुसतं शोभेला. आप्पा सगळं बघत होते. त्यांनी डाव्या हाताने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मला वाटलं, थंडी वाजतेय.

शुक्रवारी दोन पन्नासला मी कॅन्टीनमध्ये मोबाईल टेबलावर उभा केला. माझ्याच डिपार्टमेंटचा शिंदे समोर होता. दोन बावन्न झाले, त्रेपन्न झाले, चित्र चालू. शिंदे हसला, "मारला का बायपास शेवटी?"

"मारला. भूत गेलं बोंबलत."

देवाशपथ, हेच शब्द.

स्क्रीनवर आप्पा जागे होते. मान बोर्डाकडे वळलेली. तीन वाजता त्यांचं तोंड उघडलं. कॅमेऱ्याला आवाज आहे, मी मोबाईल कानाला लावला. घोगरा, ओढलेला आवाज, "बंद कर... आरं बंद कर, त्यो आत हाय..." परत परत. ते डाव्या हाताने अंग उचलायचा प्रयत्न करत होते. मी मूर्खासारखा मोबाईलमध्ये ओरडलो, "आप्पा, पडून राहा! आप्पा!"

त्यांच्या पलंगाला हॉस्पिटलसारखा लोखंडी कठडा आहे, ते पडू नयेत म्हणून. वैशाली जाताना तो वर करून दोन्ही खिट्ट्या लावते. त्या दिवशीही लावल्या होत्या, रेकॉर्डिंगमध्ये दिसतं. आप्पांचा उजवा हात, तो लाकडासारखा हात, कठड्याच्या गजांमधून बाहेर लोंबत होता. तीन वाजून तीन मिनिटांनी कठडा खाली आला. खिट्टी सुटून घसरला नाही हो... आला. वरून खाली, एका झटक्यात, प्रेस मारतो तसा. आणि परत वर गेला.

शिंदेने ते बघितलं. तो माझ्यापेक्षा आधी उठला.

मी घरी कसा पोहोचलो आठवत नाही. वैशालीने शेजाऱ्यांच्या मदतीने आप्पांना भोसरीच्या हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. उजव्या हाताची तीन बोटं मोडली होती. डॉक्टर म्हणाले, या हाताला जाणीवच नाही, त्यांना कळलंही नसेल. पण आप्पा रडत होते. मी आयुष्यात त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डमध्ये आम्ही दोघंच होतो. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "मेन कुनी चालू ठिवला?"

"मी, आप्पा."

 आप्पा म्हणाले, "म्या बी आसंच केलं व्हतं."

तुटक तुटक, थांबत, लाळ पुसत त्यांनी मला सांगितलं. अर्धा तास लागला. मी थोडक्यात लिहितो.

आप्पा आणि रज्जाककाका एकाच प्रेसवर होते. काका पहिल्या शिफ्टला, सात ते तीन, आणि आप्पा दुसऱ्या. वर्कशॉपचा नियम असा, की तीनला दहा मिनिटं कमी असताना पहिल्या शिफ्टवाल्याने मेन, म्हणजे मशीनचा मुख्य स्विच, बंद करायचा, मेनवर आपल्या नावाचा टॅग अडकवायचा, आणि मगच प्रेसमध्ये हात घालून आतली डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, पुसायची. टॅग म्हणजे लाल रंगाची पत्र्याची चकती. ज्याने लावली त्यानेच काढायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. साफसफाई झाली की काका स्वतः टॅग काढायचे, आप्पांच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "घे पाटील, मशीन तुझी." मगच आप्पा मेन चालू करायचे. पाटील हे काकांनीच ठेवलेलं नाव, आम्ही कुठले पाटील!

एके दिवशी आप्पा आले तेव्हा तीन वाजून गेले होते. मालक अर्जंट मालासाठी बोंबलत होता. काका कुठे दिसले नाहीत. मेनवर टॅग होता. लोक कधीकधी टॅग विसरून घरी जायचे. आप्पांना वाटलं, हाही विसरला. त्यांनी टॅग काढून खिशात टाकला आणि मेन चालू केला. काका प्रेसच्या पलीकडे वाकून बसले होते. उजवा हात आत.

हात जागीच गेला. तिसऱ्या दिवशी काका गेले.

"चौकशीला सायब आला," आप्पा म्हणाले. "इचारलं, टॅग व्हता का? म्या म्हनलं, न्हाई. टॅग न्हवता." आणि ते परत रडायला लागले. म्हणजे सगळ्या कागदांवर हेच लिहिलं गेलं, की रज्जाकने टॅग न लावता मशीनमध्ये हात घातला. चूक त्याची.

मी विचारलं, "टॅग कुठाय आता?"

"ट्रंकंत." मग माझा हात घट्ट धरून म्हणाले, "त्येचा टॅग त्येला दे."

घरी जाऊन ट्रंक उघडली. तळाशी, फडक्यात गुंडाळलेला. लाल रंग उडालेला, मधे पंच करून मारलेलं नाव, रज्जाक. आम्ही या फ्लॅटमध्ये आल्यापासून सहा वर्षं तो माळ्यावर गप्प पडून होता. मीच माझ्या सर्व्हरसाठी त्याला खाली आणून आप्पांच्या पाठीखाली ठेवला होता.

मी आधी एक्स्टेंशन काढलं. राउटर परत बोर्डाला जोडला. आप्पांना रविवारी घरी आणलं आणि सोमवारी कंपनीत जाण्याआधी बोर्डाखाली एक खिळा ठोकून त्याला तो टॅग अडकवला. दुसरं काय करायचं मला सुचलं नाही.

दोन बावन्नला लाइन गेली. तीन सातला आली नाही.

साडेतीनला नाही. संध्याकाळी घरी गेलो तरी बटण खाली, त्याच्याखाली टॅग लटकलेला. वैशाली म्हणाली, "अहो, एक बटण दाबायचं, एवढं काय?" तिला मी सगळं सांगितलं. मग ती स्वतः बोर्डापर्यंत गेली, हात वर केला आणि तशीच परत आली. म्हणाली, "राहू दे. माझ्याच्याने नाही व्हायचं."

मेंटेनन्सच्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात, दुसऱ्याचा टॅग लागलेला मेन चालू करायचा नाही. बाप एकदा चुकला, मी एकदा चुकलो, आता बास. आम्ही ते बटण तसंच ठेवलं. कॅमेरा आंधळा झाला. स्वराला स्कूलव्हॅन लावली आणि वैशालीने दुपारी बाहेर पडणं बंद केलं. सर्व्हर माळ्यावर घरघरत होता, बाहेरच्या जगाशी संबंध नसलेला.  रोज दुपारी पावणेतीन वाजले की मी मोबाईल काढून ती काळी स्क्रीन बघायचो, काहीच दिसत नसताना. तीन आठवडे असे गेले.

त्या दिवशी तीनच्या चहाला शिंदे आणि मी मशीनपाशीच उभे होतो. माझा मोबाईल वाजला. कॅमेऱ्याच्या अ‍ॅपची सूचना होती. बेडरूम कॅमेरा ऑनलाइन. वेळ तीन वाजून सात.

मला वाटलं, वैशालीने हिंमत केली. अ‍ॅप उघडलं. आप्पा सरळ झोपलेले, मान उशीवर नीट, डोळे मिटलेले. चादर बघितली. वरखाली होत नव्हती. मी मोठं करून बघितलं. बराच वेळ बघितलं. कधी नव्हे इतकं स्वच्छ चित्र येत होतं.

वैशालीला फोन लावला. ती किचनमध्ये भांडी घासत होती, पाण्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "आप्पांकडे जा."

"झोपलेत ते. आत्ताच पाणी पाजलं."

"वैशाली, जा."

पुढचं मी कॅमेऱ्यातच बघितलं. ती आली, कपाळाला हात लावला आणि मटकन खाली बसली. दहा किलोमीटरवरून मला आधी कळलं, आणि ती दहा पावलांवर होती. बटणाला तिने हात लावला नव्हता, तिने शपथ घेतली आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. बटण वर होतं. खिळा रिकामा होता. टॅग आप्पांच्या उजव्या हातात होता. त्या मोडलेल्या, बँडेज बांधलेल्या हातात. दोन वर्षांत ती बोटं एकदाही मिटली नव्हती, आणि आता टॅगभोवती अशी घट्ट मिटली होती, की अंघोळ घालताना चुलतभावाला आणि मला मिळून ती सोडवावी लागली.

डॉक्टर म्हणाले, शांतपणे गेले, झोपेतच. तसं वाटतही होतं.

दिवस-कार्य झाल्यावर मी भोसरीला गेलो. रज्जाककाकांचा मुलगा अस्लमभाई तिथेच टू-व्हीलरचं गॅरेज चालवतो. मी तीस वर्षांनी त्याला भेटत होतो. टॅग त्याच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं, आप्पांनी काय केलं आणि काय खोटं बोलले ते. तो मला मारेल, असं वाटलं होतं आणि मारलं असतं तरी मी उभा राहिलो असतो. त्याने चकती पालथी करून बघितली, अंगठ्याने नाव पुसलं.

"अम्मी मरेपर्यंत सांगत होती," तो म्हणाला, "टॅग लावल्याशिवाय तुझे अब्बा मशीनला हात लावायचेच नाहीत. आम्हीच ऐकलं नाही भाऊ. आम्हाला पण वाटायचं, अब्बांचीच चूक."

 मी निघालो तेव्हा त्याने विचारलं, "तुझे आप्पा कुठल्या दिवशी गेले?"

मी मनात हिशोब केला, आणि गॅरेजच्या दारातच माझे पाय थांबले. इतके दिवस माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सर्व्हरचा लॉग अजून माझ्याकडे आहे, सहा आठवडे आणि त्याच्या पुढचे सगळे. गुरुवारी त्या बटणाला कधीच काही झालं नाही. फक्त त्या एका दिवशी झालं.

तेव्हापासून लाइन एकदाही गेलेली नाही. याला काय म्हणायचं मला माहीत नाही, आणि आता शोधतही नाही. इमोजी टाकणाऱ्यांनी खुशाल टाका, मीही टाकायचो. फक्त बटण लूज असेल असं लिहू नका, ते मी माझ्या हाताने बसवलंय.

अस्लमभाईला मी एवढंच सांगितलं, "गुरुवारी."

तो म्हणाला, "गुरुवारी अब्बांची सुट्टी असायची. तुमच्याच घरी यायचे ना?"